बोलणारा एक, ऐकणारा एक

कवितेंत ‘मी’ हा शब्द आला, कीं तो कवीचाच ‘मी’ असें धरून चालण्याची संवय वाचकाला फार जुनी आहे. भक्त देवापाशीं गाऱ्हाणें मांडतो, विरही प्रियकर चंद्राला दोष देतो, वृद्ध कवि सरलेल्या तारुण्याची खंत करतो. हें सारें कवीच्याच अंतःकरणांतून निघालें आहे असें मानून भावगीताचा आस्वाद घेतला जातो, आणि पुष्कळदां तें बरोबरही असतें. परंतु एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी काव्यांत एक असा प्रकार वाढीस लागला, कीं ज्यानें या संवयीलाच धक्का दिला. त्या प्रकारांत कविता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ‘मी’ म्हणूनच बोलते. पण तो ‘मी’ कधीं इटलींतील एखादा उद्दाम सरदार असतो, कधीं मरणशय्येवरील लोभी धर्माध्यक्ष असतो, कधीं प्रेयसीचा गळा आवळून तिच्या शेजारीं शांतपणें बसून राहिलेला वेडा असतो, तर कधीं पोटच्या पोराला मारून पळालेली गुलाम स्त्री असते. कवि स्वतः कोठेंही दिसत नाहीं. ‘हें चांगलें’ किंवा ‘हें वाईट’ असें तो एका शब्दानेंही सुचवीत नाहीं. ऐकणाऱ्यानें ऐकावें आणि आपला निवाडा आपण करावा, अशी ही योजना आहे.

या प्रकाराला इंग्रजींत ‘ड्रॅमॅटिक मोनोलॉग’ असें नांव आहे. मराठींत त्याला ‘नाट्यात्म एकभाषित’ म्हणतां येईल. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळांत, तो पूर्णत्वास पोहोंचला. काव्याच्या अभ्यासकांनाच तेवढी याची गोडी वाटावी असें नाहीं. एखादा मनुष्य स्वतःची हकीकत स्वतःच्या तोंडानें सांगूं लागला म्हणजे त्याच्यावर विश्वास कितपत ठेवावा, हा प्रश्न कोर्टांत जसा पडतो तसा घरांतही रोज पडतो. त्याच प्रश्नाभोंवतीं हा काव्यप्रकार उभा आहे.

प्रथम त्याचें स्वरूप नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. मराठी रसिकांना नाटकांतील ‘स्वगत’ चांगलें परिचयाचें आहे. रंगभूमीवर एकटें उरलेलें पात्र मनांतील विचार मोठ्यानें बोलतें, आणि इतर पात्रांना तें ऐकूं जात नाहीं असा संकेत असतो. त्यामुळें स्वगतांतील बोलणें बहुधा खरें मानण्याची रीत आहे; कारण तेथें फसवावयाचें तरी कोणाला? एकभाषिताची गोष्ट निराळी आहे. येथें बोलणाऱ्यासमोर कोणी तरी बसलेलें किंवा उभें असतें. तो पाहुणा असेल, पत्नी असेल, मुलगे असतील, दासी असतील, पहारेकरी असतील, किंवा प्रत्यक्ष परमेश्वरही असेल. त्या ऐकणाऱ्याच्या तोंडीं कवीनें एकही वाक्य घातलेलें नसतें. तरी पण तो तेथें आहे, तो दचकला, त्यानें कांहीं विचारलें, तो उठूं लागला, हें सारें बोलणाऱ्याच्याच शब्दांवरून कळतें. समोर ऐकणारा आहे, म्हणून बोलणाऱ्याचा कांहीं तरी हेतु आहे. त्याला कांहीं मिळवावयाचें आहे, कांहीं लपवावयाचें आहे, किंवा स्वतःचें समर्थन करावयाचें आहे. हेतु आला म्हणजे शब्दांची निवड आली, आणि निवड आली म्हणजे गाळलेलें काय, ही शंकाही आलीच.

अमेरिकेंतील इना बेथ सेशन्स या विदुषीनें १९४७ सालीं या प्रकाराचीं सात लक्षणें सांगितलीं: बोलणारा, ऐकणारा, प्रसंग, स्वभावाचें प्रकटीकरण, बोलणारा व ऐकणारा यांच्यामधील देवघेव, नाट्यमय घटना, आणि ती घटना वर्तमानकाळांत घडत असणें. हीं सातही लक्षणें जींत पुरतेपणीं उतरलीं आहेत अशा कविता थोड्या. पुढील टीकाकारांनीं म्हणूनच हें माप बरेंच सैल केलें. तथापि नवख्या वाचकाला वाट दाखविण्यास ही यादी अजूनही उपयोगी आहे.

या प्रकाराच्या उगमाचा विचार करतांना १८३३ हें साल विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यानें काव्याच्या स्वरूपाविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. वक्तृत्व हें लोकांना ऐकविण्यासाठीं असतें. काव्य मात्र एकांतांत उमटतें आणि आपल्या कानीं तें जणूं आडून पडतें, असा त्याचा मथितार्थ होता. त्याच वर्षीं लंडनच्या कँबरवेल भागांत राहणाऱ्या वीस वर्षांच्या रॉबर्ट ब्राउनिंगनें ‘पॉलीन’ हें आपलें पहिलें काव्य नांव न घालतां छापलें. त्यांत आत्मनिवेदनाचा पूर होता. त्याची एक प्रत परीक्षणासाठीं मिलकडे गेली. मिलनें पानांच्या समासांत व शेवटीं टीपा लिहिल्या, आणि या कवीला स्वतःविषयींच्या जाणिवेचा रोगट अतिरेक जडला आहे असा कठोर अभिप्राय दिला. परीक्षण छापलें गेलें नाहीं, पण टीपांसकट ती प्रत ब्राउनिंगच्या हातीं आली. ही टीका त्याच्या मनाला कितपत लागली याविषयीं अभ्यासकांत एकमत नाहीं. वस्तुस्थिति एवढी खरी, कीं त्यापुढें ब्राउनिंगनें स्वतःच्या तोंडानें बोलणें जवळजवळ सोडून दिलें आणि तो दुसऱ्यांच्या तोंडानें बोलूं लागला. मिलची उपपत्तिही त्यानें मोठ्या खुबीनें पालटली. त्याच्या कवितेंतील माणूस एकांतांत बोलत नाहीं; तो दुसऱ्या कोणाशीं बोलत असतो, आणि वाचक तें भिंतीआडून ऐकतो.

ब्राउनिंगला रंगभूमीचा नाद होता. ‘स्ट्रॅफर्ड’ हें त्याचें नाटक १८३७ सालीं कॉव्हेंट गार्डनच्या रंगमंचावर आलें. पण पांच प्रयोगांपलीकडे तें गेलें नाहीं. पात्रांची हालचाल व घटनांची धांवपळ हा त्याचा प्रांत नव्हता. मनुष्याच्या मनांत एका क्षणीं काय काय चाललेलें असतें, हें उकलून दाखविण्यांत त्याची प्रतिभा रमे. नाटकांतील सर्व पात्रें वजा करून एकच पात्र ठेवावें, पांच अंक वजा करून एकच प्रसंग ठेवावा, म्हणजे जें शिल्लक राहील तें त्याच्या हाताला जमणारें होतें. १८३६ च्या जानेवारींत ‘मंथली रिपॉझिटरी’ या मासिकांत त्याच्या अशा दोन कविता आल्या. त्यांपैकीं एकींत प्रेयसीचा खून करणारा प्रियकर बोलतो; दुसरींत, देवानें आपणांस आधींच निवडलें आहे, तेव्हां कोणतेंही पाप आपणांस बाधणार नाहीं, अशा खात्रीनें एक धर्मवेडा बोलतो. १८४२ मध्यें ‘ड्रॅमॅटिक लिरिक्स’ या संग्रहांत या दोन्ही कविता वेड्यांच्या इस्पितळांतील कोठड्या अशा अर्थाच्या एका मथळ्याखालीं छापण्यांत आल्या. वेडाविषयींचे विचारही त्या सुमारास पालटत होते. बुद्धि शाबूत असून नीतीची जाणीव तेवढी नष्ट होऊं शकते, असें प्रतिपादन जेम्स काउल्स प्रिचर्ड या वैद्यानें १८३५ सालींच केलें होतें. तर्कशुद्ध बोलणारा माणूस शहाणा असतोच असें नाहीं, ही जाणीव त्या काळाच्या हवेंतच होती. त्याच संग्रहाच्या आरंभीं, हे उद्गार आपले नसून अनेक काल्पनिक व्यक्तींचे आहेत, असें ब्राउनिंगनें स्पष्ट बजावून ठेविलें.

याच संग्रहांत ‘माय लास्ट डचेस’ ही कविता आहे. साऱ्या प्रकाराचा नमुना म्हणून तिच्याकडे बोट दाखविलें जातें, आणि तें योग्यच आहे. कविता अवघी छप्पन्न ओळींची. प्रसंग सोळाव्या शतकांतील इटलीमधील फेरारा येथील राजवाड्यांतला. ड्यूक एका पाहुण्याला भिंतीवरील चित्र दाखवीत आहे. चित्र त्याच्या मृत पत्नीचें. त्यावर पडदा आहे, आणि तो पडदा सारण्याचा अधिकार ड्यूकखेरीज कोणालाही नाहीं. चित्रांतील चेहऱ्यावर एक प्रसन्न लाली आहे. ती पाहून पाहुणा चकित झाला असावा, म्हणून ड्यूक खुलासा करूं लागतो. खुलासा करतां करतां तो तक्रार करूं लागतो. पत्नीला आनंद फार लवकर होई, हा तिचा अपराध! मावळतीचा सूर्य, कोणी तोडून आणलेली फळांची डहाळी, बसावयाचें पांढरें खेंचर, आणि ड्यूकनें दिलेली भेट, या सर्वांना तिचें हास्य सारखेंच मिळे. नऊशें वर्षांचें घराण्याचें नांव दिलें, तरी त्याची किंमत तिनें इतर क्षुल्लक गोष्टींहून अधिक केली नाहीं. तिला समजावून सांगतां आलें असतें; पण समजावणें म्हणजे खालीं उतरणें, आणि ड्यूक कोणापुढें खालीं उतरत नसतो. मग त्यानें हुकूम दिले आणि तें हास्य थांबलें. एवढें सांगून तो पुढच्या विषयाकडे वळतो. पाहुणा आहे एका काउंटचा वकील, आणि काउंटच्या मुलीशीं ड्यूकच्या दुसऱ्या विवाहाचें बोलणें चाललें आहे. हुंड्याची गोष्ट निघते, जिना उतरतां उतरतां एका कांशाच्या पुतळ्याचें कौतुक होतें, आणि कविता संपते.

हुकूम कसले, हें कवितेंत सांगितलेलें नाहीं. पुढें एका अभ्यासकानें ब्राउनिंगला तें विचारलें, तेव्हां तिला ठार मारण्याचे, असें तो प्रथम म्हणाला. आणि मग जरा थांबून, कदाचित् तिला मठांत कोंडण्याचेही असतील, अशी पुस्ती त्यानें जोडली. कवीलाच जेथें दोन वाटा मोकळ्या ठेवाव्याशा वाटल्या, तेथें वाचकानें एकच वाट धरण्याची घाई करूं नये. इतिहासांत या कथेला आधार आहे, तो फेराराचा ड्यूक दुसरा आल्फोन्सो याचा. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यांतील लुक्रेत्सियाशीं त्याचा विवाह १५५८ सालीं झाला आणि १५६१ मध्यें ती सोळाव्या वर्षीं वारली. विषप्रयोगाची कुजबूज झाली. आजचे इतिहासकार बहुधा क्षयाकडे बोट दाखवितात. १५६५ सालीं ड्यूकनें ऑस्ट्रियाच्या राजघराण्यांतील बार्बराशीं दुसरा विवाह केला. चित्रकार व शिल्पकार यांचीं कवितेंतील नांवें मात्र कल्पित आहेत.

ही कविता मोठ्यानें वाचली असतां तिची आणखी एक खुबी कानाला कळते. ती अंत्ययमकांच्या जोड्यांत रचलेली आहे. दिंडी किंवा साकी म्हणतांना चरणाच्या शेवटीं यमकावर आवाज टेकतो. येथें वाक्य ओळीच्या शेवटीं थांबतच नाहीं. तें पुढच्या ओळींत शिरतें आणि मध्येंच कोठें तरी विसावतें. त्यामुळें यमक असूनही ऐकूं येत नाहीं, आणि सहज चाललेल्या संभाषणाचा भास होतो. पण यमकाचा तो घट्ट सांचा आंतून सारखा आपलें काम करीतच असतो. दिसावयास मोकळा, आंतून मुठी आवळलेला, असा जो ड्यूकचा स्वभाव, तोच त्या छंदाचाही स्वभाव आहे.

आतां मुख्य मुद्दा असा, कीं हा ड्यूक वाचकाला तिरस्करणीय वाटतो काय? विचार करणाऱ्याला वाटतोच. पण कविता ऐकत असतांना त्याच्या बोलण्याची ऐट, त्याची कलादृष्टि, त्याचा आत्मविश्वास यांची एक भुरळ पडते, हेंही नाकारतां येत नाहीं. रॉबर्ट लँगबाम या अमेरिकन टीकाकारानें १९५७ सालीं ‘द पोएट्री ऑफ एक्स्पीरियन्स’ या ग्रंथांत याच गोष्टीवर बोट ठेविलें. वाचकाची सहानुभूति आणि वाचकाचा न्याय यांच्यामधील ओढाताण हाच या काव्यप्रकाराचा प्राण आहे, असें त्यानें दाखविलें. बोलणाऱ्याच्या डोळ्यांनीं पाहिल्याखेरीज त्याचें बोलणें कळत नाहीं. आणि त्याच्या डोळ्यांनीं पाहूं लागलें, कीं त्याचा अन्याय क्षणभर अन्याय वाटेनासा होतो. त्या क्षणानंतर वाचक जागा होतो, आणि आपण कोणाच्या बाजूनें माना डोलावीत होतों हें पाहून चरकतो. उपदेशपर कवितेला हें साधत नाहीं. तेथें पाप दुसऱ्याचें असतें; येथें तें घटकाभर ऐकणाऱ्याच्याही घरीं मुक्कामाला येतें.

ब्राउनिंगच्या बरोबरीनें दुसरें नांव घ्यावयाचें तें आल्फ्रेड टेनिसनचें. १८३३ च्या सप्टेंबरांत त्याचा जिवलग मित्र आर्थर हॅलम व्हिएन्ना येथें अकस्मात् वारला. पुढल्याच महिन्यांत टेनिसननें ‘युलिसिस’ ही कविता लिहिली. ती प्रसिद्ध झाली १८४२ सालीं, म्हणजे ब्राउनिंगच्या ड्यूकच्याच वर्षीं. ट्रॉयच्या युद्धांतून व समुद्रावरील भटकंतींतून परतलेला इथाकाचा वृद्ध राजा घरीं स्वस्थ बसून कंटाळला आहे. राज्य मुलाच्या हवालीं करून तो जुन्या सोबत्यांसह पुन्हा समुद्रावर निघूं पाहतो. मित्राच्या मृत्यूनंतरही पुढें चालत राहिलें पाहिजे, ही आपली भावना या कवितेंत उतरली असल्याचें टेनिसननें स्वतः सांगितलें आहे. तिची शेवटची ओळ दक्षिण ध्रुवप्रदेशांत मृत्यु पावलेल्या कॅप्टन स्कॉट व त्याच्या सोबत्यांच्या स्मरणार्थ १९१३ सालीं उभारलेल्या क्रूसावर कोरण्यांत आली. धैर्याचा मंत्र म्हणून ती घरोघर पोंचली.

पण बोलणारा टेनिसन नसून युलिसिस आहे, हें ध्यानांत ठेवून कविता पुन्हा वाचली, तर निराळे प्रश्न उभे राहतात. हा राजा आपल्या प्रजेला जंगली समजतो, वृद्ध पत्नीचा उल्लेख एका तुटक विशेषणानें उरकतो, आणि कर्तव्यदक्ष मुलाची स्तुति अशा थंड शब्दांत करतो, कीं ती स्तुति कीं उपेक्षा याचा संशय यावा. दान्ते या इटालियन महाकवीनें याच युलिसिसला नरकांत टाकलें आहे, आणि टेनिसनपुढें तो दान्तेचा सर्ग होता. मग हें शौर्य, कीं जबाबदारींतून पळ? टेनिसन उत्तर देत नाहीं. एकाच आवाजांत शौर्यही आहे आणि पळही आहे. ज्याच्या घरचा वडील माणूस ध्येयासाठीं घर सोडून गेला असेल, त्याला हें अधिक समजावून सांगावें लागणार नाहीं. टेनिसनच्या ‘सेंट सिमियन स्टायलाइटीझ’ या कवितेंत हीच कला विनोदाच्या अंगानें दिसते. खांबावर बसून वर्षानुवर्षें तप करणारा हा सीरियांतील बैरागी आपण किती पापी आहों हें सांगतां सांगतां, आपण किती सोसलें याचा हिशेब देवापुढें मांडूं लागतो. त्याच्या नम्रतेंतूनच त्याचा अहंकार डोकावतो.

ब्राउनिंगनें पुढें हा प्रकार विलक्षण वाढविला. १८४५ मधील एका कवितेंत रोमचा मरणोन्मुख बिशप बिछान्याभोंवतीं ‘पुतणे’ जमवितो. ते त्याचेच मुलगे आहेत हें लौकरच उघड होतें. परलोकाची चिंता करण्याऐवजीं आपल्या समाधीला कोणता दगड लावावा, आणि पूर्वींच्या प्रतिस्पर्ध्याच्या समाधीवर आपली समाधि कशी मात करील, याचीच त्याला तळमळ. जॉन रस्किननें १८५६ सालीं लिहिलें, कीं आपण इटलीच्या पुनरुज्जीवनकाळाविषयीं तीस पानांत जें सांगितलें तेंच येथें तितक्याच ओळींत आलें आहे. १८५५ च्या ‘मेन अँड विमेन’ या दोन भागांच्या संग्रहांत आंद्रेआ देल सार्तो हा चित्रकार संध्याकाळीं पत्नीशीं बोलतो. त्याच्या हाताला चूक ठाऊक नाहीं, आणि तेंच त्याचें दुःख आहे. कारण ज्यांच्या रेषा चुकतात त्यांच्या चित्रांत जो आत्मा आहे तो आपल्या चित्रांत नाहीं, हें त्याला कळतें. बोलतां बोलतां तो दोष कधीं पत्नीला देतो, कधीं नशिबाला, कधीं स्वतःला. आणि पत्नीचें लक्ष बाहेर वाट पाहणाऱ्याच्या शिटीकडे लागलेलें असतें. येथें ऐकणारें माणूस समोर असूनही ऐकत नाहीं, ही या कवितेची खरी वेदना आहे.

या साऱ्याचा कळस म्हणजे १८६८-६९ मध्यें चार भागांत प्रसिद्ध झालेलें ‘द रिंग अँड द बुक’ हें काव्य. १८६० च्या जूनमध्यें फ्लॉरेन्सच्या बाजारांत ब्राउनिंगला एक जुनें पिंवळें बाड एका लिऱ्याला मिळालें. त्यांत १६९८ सालीं रोममध्यें चाललेल्या एका खुनाच्या खटल्याचे कागद होते. काउंट ग्विदो फ्रांचेस्किनी यानें आपली सतरा वर्षांची पत्नी पोंपिलिया व तिचे पालक यांच्यावर भाडोत्री साथीदारांसह हल्ला केला. पालक जागींच मेले, पोंपिलिया चार दिवस जगली. कांहीं महिन्यांपूर्वीं ती एका धर्मगुरूच्या मदतीनें पतीच्या घरून पळाली होती; तेव्हां आपण अब्रूसाठीं हें केलें, असा ग्विदोचा बचाव होता. ब्राउनिंगनें या एकाच घटनेवर एकवीस हजारांहून अधिक ओळी लिहिल्या. बारा सर्गांपैकीं दहा सर्ग म्हणजे दहा एकभाषितें. पतीची कड घेणारा एक नागरिक, पत्नीची कड घेणारा दुसरा, दोघांनाही नाकें मुरडणारा तिसरा, मग ग्विदो, तो धर्मगुरु, मृत्युशय्येवरील पोंपिलिया, दोन्ही बाजूंचे वकील, पोप, आणि शेवटीं शिरच्छेदाच्या आदल्या रात्रीं पुन्हा ग्विदो. पहिल्या वेळीं न्यायाधीशांपुढें नम्रतेनें बोललेला तोच मनुष्य दुसऱ्या वेळीं तुरुंगाच्या कोठडींत मुखवटा फेंकून बोलतो. शब्द बदलले, कारण ऐकणारे बदलले. या एका जोडींत एकभाषिताचें सारें शास्त्र सांठवलेलें आहे.

या ठिकाणीं एक आक्षेप उभा राहतो, आणि त्याला उत्तर देणें प्राप्त आहे. ड्यूकच्या कवितेंत डचेसला बोलावयास मिळत नाहीं. आंद्रेआची पत्नीही मुकीच. ज्याच्या हातीं सत्ता त्याच्याच मुखीं शब्द, असा हा प्रकार आहे काय? त्या काळच्या स्त्री-कवींनीं याचें उत्तर कृतीनें दिलें. ब्राउनिंगची पत्नी एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग हिनें अमेरिकेंतील गुलामगिरीविरुद्धच्या एका वार्षिकासाठीं पळालेल्या गुलाम स्त्रीचें एकभाषित लिहिलें. तें १८४८ च्या अंकांत आलें. गोऱ्या धन्याच्या जुलमांतून झालेल्या मुलाचा गोरा चेहरा त्या मातेला पाहवत नाहीं, म्हणून ती त्याला मारते, आणि पाठलाग करणाऱ्यांच्या समोर उभी राहून तें सांगते. एलिझाबेथच्या माहेरची संपत्ति जमेकामधील मळ्यांवर, गुलामांच्या श्रमांवर उभी राहिलेली होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या कवितेमागील धैर्य कळतें.

ऑगस्टा वेब्स्टर (१८३७–१८९४) हिच्या १८७० मधील ‘पोर्ट्रेट्स’ या संग्रहांत ‘अ कास्टअवे’ ही कविता आहे. देहविक्रय करणारी एक सुशिक्षित स्त्री जुनी रोजनिशी चाळीत बसली आहे. व्यापारी, वकील, धर्मोपदेशक यांचे धंदे माझ्याहून किती स्वच्छ आहेत, असें ती विचारते. घरचा पैसा भावाच्या शिक्षणाकडे गेला आणि मुलींना पोट भरण्याची विद्या कोणी दिली नाहीं, हें ती कडवटपणें आठवते. मात्र वेब्स्टर तिला देवी करीत नाहीं. ही स्त्रीही सबबी सांगते, स्वतःला फसविते, आणि एकटेपणाला भिते. पुढें १८७९ सालीं वेब्स्टर लंडनच्या शाळाखात्याच्या बोर्डावर निवडून गेली. केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजांत शिकलेल्या एमी लेव्हीनें १८८१ च्या संग्रहांत सॉक्रेटिसची बायको झँटिपी हिला वाचा दिली. शतकानुशतकें जी कजाग म्हणून हिणविली गेली, ती वृद्धपणीं दासींना सांगते, कीं मला ज्ञान हवें होतें आणि ज्ञान्यांच्या पंक्तींत मला हंसण्यावारीं नेलें गेलें. तेव्हां प्रकार दोषी नव्हता. बोलावयास कोणाला उभें करावयाचें, एवढाच प्रश्न होता.

या प्रकाराचा वारसा पुढें दूरवर गेला. १८६५ सालीं मुंबईंत जन्मलेल्या रुडयार्ड किप्लिंगनें १८९४ मध्यें आगबोटीच्या स्कॉच इंजिनियराला रात्रपाळींत देवाशीं बोलतें केलें, आणि १८९६ मध्यें मरणाऱ्या जहाजमालकाला आपल्या नाजूक, ऐषआरामी मुलाशीं. टी. एस. एलियटच्या १९१५ मधील प्रूफ्रॉकच्या कवितेंत तर ऐकणारा कोण, बाहेरचा कीं मनांतला, हेंच कळेनासें झालें. महाराष्ट्रालाही या प्रकाराचें ऋण आहे. पुण्यांतील शिक्षक शंकर काशीनाथ गर्गे (१८८९–१९३१) यांनीं ‘दिवाकर’ या नांवानें १९११ पासून ज्या नाट्यछटा लिहिल्या, त्यांमागें ब्राउनिंगच्या या कवितांची प्रेरणा होती. दिवाकरांनीं छंद सोडून गद्य घेतलें, इटलींतील राजवाडा सोडून पुण्यांतील ओटी, माजघर आणि रस्ता घेतला. पण बोलणारा एक आणि ऐकणारे मुके, ही किल्ली तीच ठेविली. ज्यांनीं त्या नाट्यछटा वाचल्या आहेत, त्यांना ब्राउनिंगच्या दारांत पाऊल टाकणें अवघड जाऊं नये.

अशी कविता हातीं आल्यावर वाचकानें स्वतःला चार प्रश्न विचारावे. बोलणारा कोण? तो कोणाशीं बोलतो? हेंच, आणि आतांच, तो कां सांगतो? आणि ज्याच्याविषयीं तो बोलतो, त्याला बोलावयास मिळालें असतें तर त्यानें काय सांगितलें असतें? पहिल्या तीन प्रश्नांनीं कविता कळते. चौथ्यानें न्याय कळतो. ड्यूकची कविता संपल्यावर मनांत शेवटीं राहते ती डचेस. तिच्या तोंडीं एक शब्दही नाहीं, तरी फळांच्या एका डहाळीनें सुखावणारी ती मुलगी स्पष्ट दिसूं लागते. आणि ती दिसते तीही तिला नाहींशी करणाऱ्याच्याच शब्दांतून. ज्याला दोष द्यावयाचा आहे त्याचें वर्णन करतां करतां माणूस नकळत त्याचे गुण सांगून जातो. हें एकदां कानाला उमगलें, म्हणजे कोर्टांतील कैफियत असो, सभेंतील भाषण असो, किंवा स्वयंपाकघराच्या दारांत ऐकलेलें शेजारणीचें गाऱ्हाणें असो, ऐकणारा सावध होतो, आणि बोलणाऱ्याला टाकून न देतांही गैरहजर माणसाची बाजू मनांत जागी ठेवतो.